बंद करून चालू करण्याआधी

घरातलं नेट गेलं की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. कोणीतरी उठून बॉक्सचं बटण बंद करून पुन्हा चालू करतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर केबलवाल्याला फोन जातो. या सवयीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, विरुद्धही आहे. दोन्ही बाजू नीट ऐकता याव्यात म्हणून मी इथे दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. माणसं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे खरे. ओंकार घरून हिशेबाचं काम करतो, छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. नेट हे त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे. त्याची आत्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. घरात फायबरची जोडणी आहे: खांबावरून आलेली बारीक केबल भिंतीवरच्या डबीत शिरते, तिथून पिवळी वायर बॉक्समध्ये जाते, आणि बॉक्समधून एक लॅनची वायर टेबलावरच्या कॉम्प्युटरला, बाकी सगळं वाय-फायवर. माझा कल आत्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ओंकारचे आक्षेप आळशी माणसाचे नाहीत, कामात बुडालेल्या माणसाचे आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय आत्याची बाजू उभी राहत नाही.

ओंकार – आत्या, तू दर वेळी म्हणतेस, आधी बघ, मग हात लाव. बघून मला काय मिळणार? बॉक्स बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की बहुतेक वेळा नेट येतं. नाही आलं तर केबलवाला आहे. त्याला दर महिन्याला पैसे मोजतो ते कशाचे? वीज गेली म्हणून कोणी खांबावर चढतं का? ज्याचं काम त्याने करावं. मला हिशेब कळतो, त्याला केबल कळते. त्यात मी अर्धवट डोकं घालून ना माझं काम होणार, ना त्याचं.

आत्या – खांबावर कोणी चढत नाही, पण वीज गेली की प्रत्येक जण खिडकीतून डोकावतो आणि समोरच्या इमारतीत दिवे आहेत का ते बघतो. असले तर आपला एमसीबी पडलाय का बघतो, नसले तर महावितरणला फोन लावतो. एवढं बघायला वायरमन व्हावं लागत नाही. दोष आपल्या घरात आहे की घराबाहेर, एवढंच त्या एका नजरेत ठरतं, आणि पुढे कोणाला बोलवायचं तेही. नेटच्या बाबतीत मी याहून जास्त काही मागत नाही. दुरुस्ती तुला यायची गरज नाही. दोष कोणत्या टप्प्यावर आहे तेवढं सांगता आलं पाहिजे, आणि ते बॉक्स बंद करण्याआधी.

ओंकार – आधीच का? नंतर बघितलं तर बिघडलं कुठे?

आत्या – कारण बंद करून चालू केल्यावर बघण्यासारखं फारसं उरत नाही. हा उपाय चालतो हे मला मान्य आहे, पण का चालतो ते बघ. घरातला प्रत्येक मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर बाहेर जी जी जोडणी करतो तिची नोंद बॉक्स एका यादीत ठेवतो. त्या यादीला मर्यादा असते, ती भरली की नव्या जोडण्या अडतात. कधी बॉक्समधल्याच प्रोग्रॅमने मेमरी खाल्लेली असते. कधी कंपनीकडचं लॉगिन मध्येच तुटलेलं असतं आणि बॉक्सला वाटत असतं की ते अजून चालू आहे. कधी बॉक्स नुसता तापलेला असतो. बटण बंद केलं की यादी पुसली जाते, मेमरी रिकामी होते, लॉगिन नव्याने होतं, बॉक्स थोडा निवतो. चार वेगवेगळ्या दुखण्यांवर एकच उपाय लागू पडला, पण दुखणं कोणतं होतं ते कायमचं झाकलं गेलं. घरगुती बॉक्समध्ये काय बिघडलं त्याची नोंद बहुधा त्याच मेमरीत असते, वीज गेली की तीही जाते. दिव्यांचं म्हणशील तर ते नव्याने लागतात आणि सगळं हिरवं दिसतं. केबलवाला येतो, बघतो, म्हणतो, चालू तर आहे. आणि तो खोटं बोलत नसतो.

ओंकार – मग पुन्हा गेलं तर पुन्हा बंद करून चालू करीन. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांपायी अभ्यास करायचा, हा हिशेब मला पटत नाही.

इथे ओंकारचा हिशेब वरवर बिनचूक वाटतो, पण त्यात एक रक्कम धरायची राहिली आहे. काही दोष असे असतात की दर वेळी थोडे थोडे वाढत जातात, आणि बंद-चालू करण्याने त्यांचं वाढणं फक्त लपतं. बॉक्सचा अडॅप्टर घ्या. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. वर्षानुवर्षं दिवसरात्र तापत राहिल्याने त्यातले भाग कमकुवत होतात, आणि घरात सगळे एकदम नेट वापरू लागले की ताण न सोसून बॉक्स आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीला हे आठवड्यातून एकदा घडतं, मग रोज. फायबरचंही तसंच. काचेच्या त्या तंतूतून प्रकाश येतो, आणि तो किती पोहोचतो हे डीबीएम नावाच्या मापात मोजतात. बऱ्याच बॉक्सच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा दिसतो. साधारण उणे २७ पर्यंत बॉक्सला प्रकाश ओळखता येतो, त्याच्या खाली तो आंधळा होतो. हा आकडा ३ ने घसरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. उणे २० वरून उणे २६ वर आला तर चौथा हिस्साच उरला, आणि तरीही नेट चालूच असतं. कपाट भिंतीला सरकवताना पिवळी वायर मागे दुमडली गेली, पावसाळ्यात बाहेरच्या जोडात पाणी शिरलं, अशा कारणांनी हे घडतं. या अवस्थेत नेट कधी जातं, कधी येतं. बटण बंद करून चालू केल्यावर आलं तर श्रेय बटणाला मिळतं. शेवटी एक दिवस ते येतच नाही, आणि तो दिवस कोणता असावा हे ओंकारच्या हातात नसतं.

ओंकार – मग तू तोच दिवस धर. महिन्याची वीस तारीख आहे, संध्याकाळ आहे, तीन व्यापाऱ्यांची विवरणपत्रं बाकी आहेत, आज भरली नाहीत तर त्यांना विलंब शुल्क आणि व्याज. तेव्हा मी दिवे बघत बसू? त्या वेळी मला कारण नको असतं, नेट हवं असतं.

आत्या – तेव्हा तर जास्तच बघ. मोबाइलवरून बॉक्सच्या दिव्यांचा फोटो काढ, दहा सेकंदांचं काम. मग खुशाल बंद करून चालू कर, आणि नाहीच आलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून विवरणपत्रं भर. तपास रात्री कर, उद्या कर. माझं म्हणणं एवढंच की पुरावा पुसण्याआधी त्याची नोंद राहू दे. त्या फोटोत निम्मं उत्तर असतं. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये. तुझ्या कॉम्प्युटरचा, वाय-फायचा, विंडोजचा काही संबंध नाही, केबलवाल्यालाच बोलवायचं. पॉन लिहिलेला हिरवा दिवा थांबून न राहता लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण कंपनीच्या यंत्राने तुझा बॉक्स अजून ओळखलेला नाही. दोन्ही दिवे ठीक आणि तरी नेट नाही, तर प्रश्न पुढच्या टप्प्यावर सरकला. आणखी एक कर, मजल्यावर ज्यांच्याकडे हीच कंपनी आहे त्यांचं दार वाजव. फायबरचा प्रकाश एका वाटणीच्या डबीतून पुष्कळ घरांना, अनेकदा बत्तीस किंवा चौसष्टांना, वाटला जातो. त्यांचंही गेलं असेल तर घरात काहीही शोधण्यात अर्थ नाही.

वीस तारखेचा आक्षेप हा या सगळ्या चर्चेतला सगळ्यात वजनदार, आणि आत्याचं उत्तर मला पुरेसं वाटतं. निकड आणि तपास एकमेकांच्या आड येतात असं आपण धरून चालतो. खरं तर आड येतो तो फक्त लांबलेला तपास. क्रम ठाऊक असला तर तपास लांबत नाही, कारण प्रत्येक पायरीवर निम्मे संशयित बाद होतात. कॉम्प्युटरपासून एखाद्या वेबसाइटपर्यंतच्या वाटेवर बिघडू शकणाऱ्या जागा अनेक: कॉम्प्युटरचं सेटिंग, लॅनची वायर किंवा वाय-फाय, बॉक्स, फायबर, कंपनीचं जाळं, नावाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, आणि शेवटी ती वेबसाइट. एका टोकापासून एकेक तपासत गेलं तर संध्याकाळ जाईल. मध्यावर प्रश्न विचारला तर दोन-तीन प्रश्नांत जागा सापडते. हा विचार आजचा नाही. माइक म्यूस या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतल्या प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८३ मध्ये पिंग नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तोच मुळी त्याच्याकडच्या जाळ्यातला एक विचित्र बिघाड शोधण्यासाठी. दुसऱ्या यंत्राला साद घालायची, उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. आजही तो प्रत्येक विंडोज कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि बहुतेकांनी तो कधी चालवलेला नसतो.

ओंकार – ती काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करायच्या, हे तू करशील. सगळ्यांना कसं जमणार?

आत्या – आधी न टाइप करता जेवढं जमतं तेवढं कर. मोबाइलचा डेटा बंद करून वाय-फायवर एखादं पान उघड. मोबाइलवर उघडलं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर बॉक्स, फायबर, कंपनी सगळे सुटले. दोष कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. दोन्हींवर नाही, तर बॉक्स आणि त्यापुढचं. इथवर काळी खिडकी लागलीच नाही. दोष कॉम्प्युटरकडे निघाला तर मग आयपीकॉन्फिग ही एकच आज्ञा दे आणि आलेला पत्ता वाच. घरातल्या बॉक्सने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याजागी १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर कॉम्प्युटरने पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला. म्हणजे कॉम्प्युटर आणि बॉक्स यांचं बोलणंच होत नाहीये. लॅनची पिन दोन्हीकडून काढून खटकन आवाज येईपर्यंत बसव, दुसरी वायर लावून बघ. एवढ्या एका आकड्याने केबलवाल्याची एक फेरी वाचते.

ओंकार – आणि पत्ता बरोबर आला तर?

आत्या – तर तीन सादा घाल. पहिली बॉक्सला, बहुधा १९२.१६८.१.१. दुसरी बाहेरच्या एखाद्या ठाऊक पत्त्याला, ८.८.८.८ म्हण. तिसरी एखाद्या वेबसाइटला, नावाने. पहिलीच फसली तर दोष घरात. पहिली जमली, दुसरी फसली, तर बॉक्सच्या पलीकडे. रिचार्ज संपलाय का तेही तेव्हाच बघ. दोन्ही जमल्या आणि तिसरी फसली, तर वाट मोकळी आहे, नावावरून पत्ता सापडत नाहीये. हा डीएनएसचा दोष, आणि सेटिंगमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता टाकला की तो बरेचदा जागच्या जागी मिटतो. एक लक्षात ठेव: काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एका सादेवर निकाल देऊ नकोस, दोन पत्त्यांना साद घाल.

पत्ता न सापडणं म्हणजे काय हे ४ ऑक्टोबर २०२१ ला साऱ्या जगाने पाहिलं. भारतात रात्री नऊ वाजून गेले होते, तेव्हा फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने तिची केंद्रं एकमेकांपासून तुटली, आणि आपले पत्ते सांगणारी तिची यंत्रं बाकीच्या इंटरनेटला दिसेनाशी झाली. त्या रात्री घरातला बॉक्स कितीही वेळा बंद करून चालू केला असता तरी फरक पडला नसता. बातम्यांची एखादी वेबसाइट उघडून बघितली असती तर ती उघडली असती, आणि घरचं नेट शाबूत आहे हे तिथेच कळलं असतं. व्हॉट्सॲप म्हणजेच नेट अशी समजूत ज्या घरात आहे, तिथे ही एक चाचणी फार मोलाची आहे.

याच्या उलट प्रकारही आहे, आणि तोच माणसाला सगळ्यात जास्त चकवतो: सगळं ठीक असतं, पिंगला उत्तर येतं, तरी ब्राउझर एकही पान उघडत नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. सेल संपला की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागच्या तारखेला जागा होतो. आजच्या वेबसाइट आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतात त्याला मुदत असते, आणि मागच्या तारखेत वावरणाऱ्या कॉम्प्युटरला ती मुदत अजून सुरूच झालेली दिसत नाही. तो जोडणी असुरक्षित आहे असं सांगून वाट अडवतो. घरच्यांना वाटतं नेट गेलं, किंवा व्हायरस शिरला. कोपऱ्यातली तारीख बघितली असती तर दुकानातून एक सेल आणण्याचं काम होतं. ओंकारसारख्या घरून काम करणाऱ्यांचा दुसरा चकवा म्हणजे ऑफिसचं व्हीपीएन. ते मध्येच बंद पडलं तर त्याने बदललेलं प्रॉक्सी किंवा डीएनएसचं सेटिंग कधीकधी तसंच राहतं. बॉक्स बंद करून चालू केल्याने यातलं काहीच सुटत नाही, कारण दोष बॉक्सजवळ नाहीच.

ओंकार – माझी बहुतेक वेळची तक्रार नेट गेल्याची नसतेच, हळू चालण्याची असते. दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि कॉम्प्युटरवर पंच्याण्णवच्या वर आकडा जात नाही. ही तर सरळ कंपनीची फसवणूक.

आत्या – असेलही, पण तो आकडाच दुसरं काही सांगतोय. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. शंभर एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात, त्याहून जास्त वेगाला आठही. एखादी तार तुटली किंवा पिनेत नीट बसली नाही, तर दोन्ही यंत्रं तक्रार न करता शंभरावर उतरतात, आणि प्रत्यक्ष वेग पंच्याण्णवच्या आसपास अडकतो. कॉम्प्युटरचं किंवा बॉक्सचं पोर्ट जुनं, शंभराचंच असेल तरीही हेच दिसेल. वायर बदलून बघ. वाय-फायवर हळू असेल तर बॉक्सच्या शेजारी उभं राहून पुन्हा मोज. तिथे वेग येत असेल तर भिंती आणि अंतर आडवं येतंय. यातलं काहीच नसेल, तर मग कंपनीला जरूर धर.

ओंकार – धरू कसं? फोन केला की पहिलं वाक्य, सर, राउटर बंद करून चालू करा. तू एवढं शोधून ठेवशील, पण ते ऐकणार कोण?

इथे ओंकारच्या तोंडून जो वैताग बाहेर पडतो तो लाखो घरांचा आहे, आणि त्यात त्याची बाजू खरी आहे. तक्रार घेणारा मुलगा कागदावर लिहिलेल्या क्रमाने बोलतो. समोरचा काय सांगतोय ते तोलायची मुभा त्याला नसते. पण न शोधता केलेल्या तक्रारीचं काय होतं ते पाहा. केबलवाला म्हणतो कॉम्प्युटर खराब आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो लाइन खराब आहे, आणि पैसे घेऊन विंडोज नव्याने टाकून देतो. दोघंही प्रामाणिक असू शकतात, कारण दोघांनाही आपापला टप्पाच दिसतो. सगळे टप्पे ज्याच्या घरात एकत्र येतात असा माणूस एकच, ग्राहक. त्याने जर ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं तर त्या दोघांच्या मध्ये तो कितीही वेळा टोलवला जाऊ शकतो. ‘एलओएस दिवा सकाळपासून लाल आहे, हा फोटो, शेजाऱ्यांचं चालू आहे’ असं सांगितलं तर टोलवायला जागा उरत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावा लागतो, आणि निवारण पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. म्हणजे अपिलात उभं राहायचं ते आपल्याच कागदांवर, आणि तिथे ‘वारंवार जातं’ या दोन शब्दांपेक्षा तारखा, वेळा आणि फोटो यांचं वजन फार जास्त असतं.

ओंकार – ठीक. पण अर्धवट माहितीने माणूस नको तिथे हात घालतो, ही भीती आहेच ना?

आत्या – ती भीती रास्त आहे, म्हणून तीन मनाई लक्षात ठेव. बॉक्सच्या मागे पिनेने दाबायचं एक बारीक छिद्र असतं, त्याला हात लावू नकोस. ते बंद-चालू करण्याचं बटण नव्हे. त्याने कंपनीने भरलेलं लॉगिनसकट सगळं पुसलं जातं, आणि मग माणूस येईपर्यंत नेट नाही. फायबरची हिरवी पिन ओढून बघायची नाही. तिच्या टोकावर बोटाचा डाग बसला तरी प्रकाश अडतो, आणि त्यातून येणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही म्हणून टोकात डोकावणं धोक्याचं. आणि कोणतंही सेटिंग बदलण्याआधी मूळ आकड्याचा फोटो काढ, एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन एकदम बदलल्या आणि नेट आलं, तर कशाने आलं ते कळणार नाही. बंद-चालू करण्याविरुद्ध माझी तक्रार हीच तर होती.

ओंकार – म्हणजे बंद करून चालू करणं तू सोडायला सांगत नाहीस.

आत्या – नाही. ते चौथ्या क्रमांकावर ने. आधी दिवे, मग मोबाइल, मग शेजारी. आणि या तिन्हींचा उपयोग व्हायचा तर आज, नेट नीट चालू असताना, एक काम करून ठेव. बॉक्सच्या दिव्यांचा फोटो काढ, म्हणजे ठीक असताना काय दिसतं ते पक्कं राहील. डीबीएमचा आकडा लिहून ठेव, लॅनच्या वायरीवर वेग किती येतो तो लिहून ठेव, तक्रारीचा फोन आणि ग्राहक क्रमांकही. वही बॉक्सजवळ ठेव, मोबाइलमध्ये प्रत ठेव.

ओंकार – लॉगिनचा पासवर्डही त्यातच लिहू?

आत्या – तो वेगळ्या कागदावर, कपाटात. बॉक्सजवळ येणारे-जाणारे पुष्कळ असतात.